झेब्रा हॉवर्थिया : रोप पास, कुंडी नापास

नर्सरीत बिलाच्या टेबलाशेजारी तीन इंची काळ्या कुंड्यांचा एक ट्रे हमखास असतो. गर्द हिरवी, टोकाला निमुळती, बोटभर लांबीची जाड पानं आणि त्यांच्या पाठीवर चुन्याच्या बोटाने ओढल्यासारखे पांढरे आडवे पट्टे. पाटीवर कुठे ‘झेब्रा कॅक्टस’, कुठे ‘अ‍ॅलो झेब्रा’, तर कुठे नुसतंच ‘सक्युलंट’. किंमत बहुतेक ठिकाणी शंभर ते दोनशे रुपयांच्या दरम्यान. हे परीक्षण त्या ट्रेमधल्या रोपाचं आणि त्याच्यासोबत गळ्यात पडणाऱ्या बाकीच्या मालाचं.

निकाल आधीच सांगून टाकू. पानं एकाच केंद्रातून गुलाबासारखी गोल उमलत जाणारी, म्हणजे रोझेट करणारी, जेवढी छोटी मांसल रोपं, म्हणजे सक्युलंट, आपल्या बाजारात मिळतात, त्यांत महाराष्ट्रातल्या फ्लॅटच्या खिडकीला सगळ्यांत जास्त मानवणारं रोप हेच आहे. मात्र ज्या मिश्रणात ते विकतात, ते घरी आल्यावर दोन-चार महिन्यांत त्याची मुळं कुजवायला पुरेसं असतं. तेव्हा रोप जरूर घ्या, कुंडीतला माल फेकून द्या.

हे कॅक्टस नाही. आपल्या कोरफडीच्या कुळातलं, तिचंच भाऊबंद आहे. मूळ गाव दक्षिण आफ्रिकेतला ईस्टर्न केप प्रांत. एड्रियन हार्डी हॉवर्थ या इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून ‘हॉवर्थिया’ हे प्रजातीचं नाव १८०९ मध्ये पडलं. २०१३ मध्ये कडक पानांच्या जाती वेगळ्या काढून त्यांना ‘हॉवर्थिऑप्सिस’ नाव दिलं गेलं, त्यामुळे आपल्या झेब्र्याचं आजचं कागदोपत्री नाव हॉवर्थिऑप्सिस अ‍ॅटेन्युएटा. नर्सरीवाले अजून जुनंच नाव लावतात आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, सगळं जग तेच म्हणतं. चूक होते ती दुसरीकडे: ‘फॅसिएटा’ या दुसऱ्या, दिसायला सारख्याच जातीची चिठ्ठी लावून सर्रास अ‍ॅटेन्युएटाच विकतात. पानाच्या आतल्या, म्हणजे वरच्या बाजूवरून बोट फिरवा. बारीक खरखर लागली तर अ‍ॅटेन्युएटा, गुळगुळीत लागलं तर फॅसिएटा. घरच्या खिडकीच्या दृष्टीने दोन्हींची निगा एकच, पण फॅसिएटा म्हणून कोणी चढा भाव सांगत असेल तर ही बोटाची परीक्षा तिथेच करून पाहा.

हे रोप आपल्याकडे का टिकतं, याचं उत्तर त्याच्या गावातच आहे. तिथे ते उघड्या माळावर तळपत नाही, झुडपांच्या आडोशाला आणि दगडांच्या फटीत वाढतं. म्हणजे गाळून आलेला उजेड ही त्याची सवयच. दिवसा पानांची रंध्रं बंद ठेवायची आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घ्यायचा, अशी त्याची पद्धत असल्याने पाण्याचा खर्च फार कमी. त्यावरून ‘रात्री ऑक्सिजन देणारं रोप’ अशी जाहिरात करतात, तिच्याकडे दुर्लक्ष करा. रात्री ते हवा आत घेत असतं, ऑक्सिजन तयार होतो तो उजेडात. आणि मुठीएवढ्या रोपाने खोलीच्या हवेत जाणवण्यासारखा काहीच फरक पडत नाही. खरा गुण सांगायचा तर वेगळाच आहे: मांजर किंवा कुत्रं घरात असेल तर कोरफड त्यांना बाधते, हॉवर्थिया बाधत नाही.

निवडताना

ट्रेमधलं सगळ्यांत मोठं रोप उचलण्याची घाई नको. खालच्या पानांना दोन बोटांत हलकं धरून रोप किंचित हलवा. घट्ट बसलेलं असेल तर मुळं शाबूत आहेत. डगडगलं तर मातीखाली काहीतरी कुजलंय. मधली, सर्वांत कोवळी पानं एकमेकांना चिकटून घट्ट हवीत. खालच्या पानांची टोकं वाळलेली असली तर चालेल, पण पानाचा बुंधा पिवळट, पाणी भरल्यासारखा पारदर्शक दिसला की ते रोप ठेवून द्या. पानांच्या बेचक्यांत कापसाचे कण दिसले तर ती पिठ्या ढेकणाची सुरुवात. जमलं तर कुंडी आडवी करून मुळांचा गोळा अर्धा बाहेर काढून बघा. मुळांवर किंवा कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरा मेणचट थर असेल तर मुळांवरचा पिठ्या ढेकूण आहे, आणि हा घरातल्या सगळ्या कुंड्यांत पसरतो. मिश्रणात घातलेले पर्लाइटचे, म्हणजे भाजून फुगवलेल्या खनिजाचे, हलके दाणेही पांढरेच असतात, पण ते दाबले तर कुरकुरतात, पिठ्या बोटाला फासला जातो.

एकाच कुंडीत तीन-चार रोपं दाटीने बसलेली दिसली तर तीच घ्या. भाव सहसा तोच असतो आणि महिनाभराने वेगळी करून तीन कुंड्या होतात.

निळी, गुलाबी, चकाकी मारलेली रोपं अजिबात नकोत. तो रंग वरून मारलेला असतो, त्याखाली पानाला उजेड मिळत नाही, आणि नवीन येणारं पान हिरवंच येतं. ऑनलाइन मिळणाऱ्या रंगीबेरंगी सक्युलंटच्या बियांची पाकिटंही त्याच माळेतली. चित्रातली तसली भडक निळी-जांभळी रोझेट निसर्गात नसतात.

कुंडीतला माल

नापास तो इथे. बहुतेक रोपं शुद्ध कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, येतात. नर्सरीवाल्याच्या बाजूने ते बरोबरच आहे: वजन हलकं, वाहतूक स्वस्त, पॉलिहाउसच्या ठरावीक हवेत पाण्यातून खत दिलं की वाढ झपाट्याने. घरी ना तो पंखा, ना ते छप्पर, ना ते वेळापत्रक. कोकोपीट पावसाळ्यात आठ-आठ दिवस आतून ओलं राहतं आणि जाड, रसाळ मुळं गुदमरून कुजतात. उन्हाळ्यात उलटा प्रकार. एकदा कोकोपीट पूर्ण वाळलं की आकसून कुंडीपासून सुटतं, मग वरून घातलेलं पाणी कडेच्या फटीतून सरळ खाली जातं आणि गोळा आत कोरडाच. घरच्याला वाटतं आपण पाणी दिलं. एकच माल दोन ऋतूंत दोन वेगळ्या कारणांनी रोप मारतो.

गोळ्याच्या मधोमध पुष्कळदा जाळीची छोटी पिशवी सापडते, रोप लहान असताना ज्यात लावलेलं असतं ती. ती तशीच राहिली तर बुंध्याला लागून कायम ओल धरणारा एक गोळा बसून राहतो. कात्रीने उभी कापून, मुळं न ओढता, तुकड्यातुकड्याने काढायची.

मिश्रण घरी करणं अवघड नाही. चार इंची कुंडीला साधारण अर्धा लिटर लागतं. कपाने मोजा: तीन कप विटांचे तुकडे, एक कप भरड वाळू, एक कप पर्लाइट, एक कप पूर्ण कुजलेलं पानांचं खत किंवा गांडूळखत. विटेचे दाणे तीन ते सहा मिलिमीटरचे, म्हणजे हरभऱ्याच्या डाळीपासून अख्ख्या हरभऱ्यापर्यंत. वीट पक्की भाजलेली हवी. दोन तुकडे रात्रभर पाण्यात ठेवा, सकाळी पाणी गढूळ होऊन तुकडा बोटांनी चुरला गेला तर ती कच्ची, तीन महिन्यांत कुंडीत तिचा चिखल होईल. फोडल्यावर चाळणं ही सगळ्यांत कंटाळवाणी आणि सगळ्यांत महत्त्वाची पायरी. पिठाच्या चाळणीतून खाली पडणारी भुकटी टाकून द्या, कारण दाण्यांमधल्या हवेच्या जागा तीच बुजवते. वाळू मिळत नसेल तर बांधकामावरची कच चालते, पण तिच्यातही भुकटी भरपूर असते, पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा. समुद्राची वाळू मिठामुळे बाद. कोकणात जांभ्याच्या दगडाचे बारीक तुकडे मिळाले तर विटेऐवजी तेही चालतील, चाळण्याची अट मात्र तीच.

हे प्रमाण मुंबई, कोकण, गोवा धरून. नागपूर, अकोला, छत्रपती संभाजीनगरकडच्या कोरड्या हवेत खताचा भाग दीड-दोन कपांपर्यंत नेला तरी हरकत नाही, नाहीतर मार्च-एप्रिलमध्ये कुंडी एका दिवसात कोरडी पडते.

बाजारात ‘कॅक्टस-सक्युलंट मिक्स’ म्हणून तयार पिशव्या मिळतात. त्यांची परीक्षा सोपी. मूठभर मिश्रण ओलं करून दाबा. मूठ उघडल्यावर लाडू वळलेला राहिला तर ते सक्युलंटचं मिश्रण नाही, कोकोपीटमध्ये शोभेपुरता पर्लाइट घातलाय. दाणे बोटांतून सुटून पडले तर घ्यायला हरकत नाही. लाडू वळणारी पिशवी आधीच आणून झाली असेल तर एक भाग तिचा आणि दोन भाग चाळलेली वीट, असं करून पैसे वसूल करा.

कुंडी मातीची, रोझेटच्या व्यासापेक्षा फार तर इंचभर मोठी. मोठ्या कुंडीत रोप मोठं होत नाही, फक्त मुळं पोचली नाहीत तिथली माती ओली राहते. खोली साडेतीन-चार इंच हवी, कारण याची मुळं जाड असतात आणि सरळ खाली जातात. ही मुळं कोरड्या दिवसांत आकसून रोपाला खाली ओढतात, म्हणून वर्षभराने रोप मातीत थोडं बुडाल्यासारखं दिसतं. ते रोगाचं लक्षण नाही, वरून खडी काढून बुंधा मोकळा केला की झालं. तळाला भोक हवंच. भोक नसलेल्या सिरॅमिकच्या कपात ‘खाली खडे घालून’ काम भागतं ही समजूत चुकीची. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांमध्ये सहज उतरत नाही, ते त्यांच्या डोक्यावरच अडून राहतं. खड्यांचा थर म्हणजे ओली जागा मुळांच्या आणखी जवळ आणून ठेवणं. भोकावर जाळीचा एक तुकडा, बाकी सगळं एकच मिश्रण.

लावताना जुनं कोकोपीट कोरडं असतानाच झटकून काढा. पोकळ, तपकिरी, ओढल्यावर सालीसारखी सुटणारी मुळं कापून टाका. पांढरी किंवा फिकट पिवळी, टणक मुळं ठेवा. सावलीत दोन-तीन दिवस उघडं राहू दिलं की जखमा भरतात. मग कोरड्या मिश्रणात लावा आणि पाच ते सात दिवस पाण्याचं नाव काढू नका. नेमकी हीच पायरी लोकांना जड जाते. हे कोथिंबिरीचं रोप नाही, पानांत त्याचा महिन्याचा शिधा भरलेला असतो.

पाणी

दर किती दिवसांनी, या प्रश्नाला एक उत्तर नाही. पद्धतीला आहे. द्यायचं तेव्हा खालच्या भोकातून वाहीपर्यंत, चार इंची कुंडीला साधारण १०० मिली, आणि बशीत उतरलेलं पाणी दहा मिनिटांत ओतून टाकायचं. पुढचं पाणी तळापर्यंत कोरडं झाल्यावरच. तळ बघायला जळून उरलेली उदबत्तीची काडी उत्तम: कुंडीच्या कडेने तळापर्यंत खुपसा, पाच मिनिटांनी काढा. गडद आणि गार लागली तर ओल आहे, थांबा. रोज चमचाभर पाणी शिंपडणं हा सगळ्यांत वाईट प्रकार, वरचा थर कायम ओला आणि खालची मुळं कायम तहानलेली.

खिडकीत, छताखाली ठेवलेल्या कुंडीसाठी अंदाज असा: ऑक्टोबर ते फेब्रुवारी दर आठ-दहा दिवसांनी, वाढ याच काळात होते. मार्चमध्ये आठवड्याने. एप्रिल-मेमध्ये पारा ३५ अंशांच्या वर राहू लागला की वाढ थंडावते, पानं थोडी मिटतात, टोकाला तांबूस होतात. अशा वेळी ‘उन्हाळा आहे बिचाऱ्याला’ म्हणून जास्त पाणी घालू नका, झोपलेली मुळं ते घेत नाहीत आणि गरम ओल्या कुंडीत शिजतात. दहा-बारा दिवसांनी, संध्याकाळी, तेही निम्म्यावर. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत पंधरा दिवसांनी एकदा पुरतं, सलग झड लागली असेल तर वीस दिवस गेले तरी बिघडत नाही. पाऊस थेट अंगावर नको. आठ दिवसांच्या संततधारेत मध्ये पाणी साचलेलं रोझेट मधूनच सडतं आणि तिथून पुन्हा उभं राहत नाही.

बोअरवेलचं जड पाणी वापरणाऱ्यांच्या कुंडीत मिश्रणावर क्षारांचा पांढरा थर धरतो आणि पानांची टोकं जळतात. दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडीच्या तिप्पट पावसाचं किंवा साधं गोड पाणी सलग ओतून क्षार धुऊन काढायचे. खताबाबत हात आखडता बरा: १९:१९:१९ हे विद्राव्य खत एक लिटरला अर्धा ग्रॅम, नोव्हेंबर ते फेब्रुवारी महिन्यातून एकदा. शेतीच्या दुकानात सांगतात ते प्रमाण पिकाचं असतं, याला त्याचा पाचवा हिस्सा पुरे. जास्त नत्राने पानं लांब, मऊ आणि कीड लागण्याजोगी होतात.

उजेड

पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली: सकाळचं दोन-तीन तासांचं ऊन, नंतर नुसता उजेड. उत्तरेची चालते, पण काचेपासून फुटभराच्या आत. पश्चिमेच्या खिडकीत मार्चनंतर पातळ पडदा किंवा ५० टक्क्यांचं शेडनेट लागतं. रंगावरून सगळं कळतं. गर्द हिरवा म्हणजे ठीक. तांबूस-तपकिरी म्हणजे ऊन जास्त किंवा मुळं गेलेली. ऊनच कारण असेल तर सावलीत हलवल्यावर महिन्या-दोन महिन्यांत हिरवेपणा परततो, परतला नाही तर कुंडीतून काढून मुळं बघा. फिकट, पानं लांबून एकमेकांपासून सुटलेली, मधला भाग उघडा पडलेला, म्हणजे अंधार. लांबलेली पानं पुन्हा आखूड होत नाहीत, फक्त पुढची नवी पानं नीट येतात. टीव्हीच्या शेजारी, टीपॉयवर ठेवलेल्या रोपाचं हेच होतं, कितीही काटक म्हणून विकलेलं असो. तिथेच ठेवायचं असेल तर सहा ते आठ इंच वर पांढरा एलईडी दिवा, दहा-बारा तास. रोप अंधारातून एकदम उन्हात नेऊ नका, पानावर पांढरे कोरडे चट्टे पडतात आणि ते पान गळेपर्यंत तसेच राहतात. आठवडाभर रोज थोडं थोडं पुढे सरकवा.

बिघाड ओळखताना एकच गोंधळ पुन्हा पुन्हा होतो. सुरकुतलेलं पान बघून लोक पाणी घालतात. सुरकुत्या दोन कारणांनी येतात: पाणी नाही म्हणून, किंवा पाणी जास्त होऊन मुळंच उरली नाहीत म्हणून. काडी कोरडी निघाली तर पहिलं कारण, पाणी दिल्यावर चार-पाच दिवसांत पानं भरतात. काडी ओली आणि पानं तरी सुरकुतलेली, तर लगेच रोप उपटून बघा. बुंध्याचा मऊ भाग स्वच्छ सुरीने पांढरा, टणक गर लागेपर्यंत कापत न्या. एकही तपकिरी ठिपका राहिला तर कूज पुन्हा चढते. मग सावलीत चार-पाच दिवस वाळवा आणि कोरड्या मिश्रणावर नुसतं टेकवून ठेवा. तीन ते सहा आठवड्यांत मुळं फुटतात. कापलेल्या जागी हळद लावण्याचा सल्ला सगळे देतात. लावा, अपाय नाही, पण काम वाळवण्याने होतं.

पिठ्या ढेकणाला सर्जिकल स्पिरिटमध्ये किंवा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेली कापसाची काडी, बेचक्यांत, दर पाच दिवसांनी, तीन वेळा. एकदाच करून थांबलात तर अंड्यांतून पुढची फळी येते. मुळांवरचा असेल तर मिश्रण सगळं फेकायचं, मुळं पाण्याखाली धुवायची, कुंडी उकळत्या पाण्याने. कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली आणि साबणाचे दोन-तीन थेंब, हा फवारा संध्याकाळीच, कारण तेल लागलेलं पान उन्हात भाजतं.

ट्रेमधले शेजारी

याच ट्रेमध्ये जास्त देखणी असते ती एचेव्हेरिया. निळसर, जांभळट, दगडात कोरलेल्या कमळासारखी. ‘पर्ल फॉन न्यूर्नबर्ग’ हा गुलाबी-जांभळा प्रकार तर फोटोवरूनच विकला जातो. पण हे आपल्या पानफुटीचं कुळ, मूळ बहुतेक मेक्सिकोच्या डोंगराळ भागातलं, जिथे दिवस तापला तरी रात्र गार होते. मुंबईत मे महिन्यात रात्रीही पारा २७ अंशांच्या आसपास असतो आणि पुढे चार महिने दमटपणा. रोज चार-पाच तास थेट ऊन मिळालं नाही की रंग उडून ती हिरवी, लांबुडकी होते. कलिंपोंगसारख्या डोंगराळ भागातल्या नर्सऱ्यांतून आलेलं रोप तिथल्या थंडीत रंगलेलं असतं, तो रंग ठाण्याच्या बाल्कनीत टिकत नाही. पाचगणी-महाबळेश्वरकडे, नाशिक-पुण्याच्या गच्चीवर पावसापासून छप्पर देऊन ती चांगली होते. मुंबई, कोकण आणि गोव्यात ती ऑक्टोबरमध्ये घ्यावी आणि जूनपर्यंत सोबत धरावी, पुढे जगली तर नशीब. तिच्या बाजूने एक गोष्ट: पान देठासकट अखंड सुटलं तर कोरड्या मिश्रणावर ठेवून दोन-चार आठवड्यांत त्याला मुळं आणि बाळ फुटतं, अगदी पानफुटीसारखं. पावसाळ्याआधी दहा पानं काढून घरात ठेवली की आई गेली तरी वंश राहतो. पानांवरची पांढरी भुकटी पुसू नका, ते उन्हापासूनचं कवच आहे आणि पुसलं की पुन्हा भरून येत नाही.

हॉवर्थियातच मऊ, पारदर्शक टोकाच्या जाती आहेत, कूपेरी वगैरे. पानाच्या टोकाला काचेसारखी खिडकी असते, उजेड तिच्यातून पानाच्या आत उतरतो. सुंदर, पण महाग, आणि चुकीला माफी कमी. झेब्र्यासोबत एक पावसाळा नीट काढल्यावरच ही घ्यावी. लिमिफोलिया, जिच्या पानावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या रेघा असतात, ती मात्र झेब्र्याइतकीच चिवट आणि त्याहून कमी ठिकाणी मिळते. दिसली तर सोडू नका. सेम्परव्हायव्हम युरोपातल्या थंड डोंगरांवरची. आपल्या मैदानी भागात तिच्यावर खर्च नको.

पार्सलने मागवायचं असेल तर कुंडीसकट नको, मुळं उघडी करून कागदात गुंडाळलेलं मागवा. चार-पाच दिवसांचा प्रवास झेब्रा सहज सोसतो. ओल्या कोकोपीटसकट बंद खोक्यात आलेलं रोपच वाटेत सडतं. मे आणि जुलै टाळा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पुण्यात जानेवारीत एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन असतं, तिथल्या स्टॉलवर रोप हातात घेऊन, हलवून, उलटं करून बघता येतं, हा फायदा कुठलंही संकेतस्थळ देणार नाही.

घरात आल्यावर वर्ष-दीड वर्षात झेब्र्याच्या बुंध्याशी पिल्लं येतात. आईच्या तिसऱ्या हिश्शाएवढी झाली आणि स्वतःची दोन-तीन मुळं आली की हिवाळ्याच्या सुरुवातीला हाताने अलगद पिळून सुटी करायची. सुरी लागलीच तर दोन दिवस वाळवायचं. मुळं नसलेलं पिल्लूही कोरड्या मिश्रणात धरतं, फक्त महिना जास्त घेतं. लांब बारीक दांड्यावर येणारी पांढरट फुलं बघण्यासारखी नाहीत. रोप नवं किंवा अशक्त असेल तर दांडा लहान असतानाच कापून टाका, निरोगी असेल तर राहू द्या.

अलीकडे मुंजीत आणि लग्नात रिटर्न गिफ्ट म्हणून दोन इंची कुंडीतली हीच रोपं देतात. कल्पना चांगली. काचेच्या वाडग्यात, रंगीत वाळूत, वर डिंकाने चिकटवलेले खडे, अशी सजवलेली मात्र देऊ नका: भोक नाही, चिकटलेल्या खड्यांमुळे पाणी किती मुरलं ते कळत नाही, आणि उन्हात ठेवलेली बंद काच भट्टी होते. अशी भेट आपल्याला मिळालीच तर खडे कोमट पाण्यात भिजवून सोडवा आणि रोप त्याच आठवड्यात मातीच्या कुंडीत हलवा. आणि शंभर रोपं वाटणार असाल तर ‘शुभाशीर्वाद’ छापलेल्या चिठ्ठीच्या मागे दोन ओळी छापून घ्या: खिडकीजवळ ठेवा, पहिले पंधरा दिवस पाणी घालू नका.